गणिताचे शिक्षक व्हायचे आहे? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की, "गणित घेऊन बी.एस्सी. करतो, नंतर बी.एड. करतो, आणि झालो शिक्षक," हे वाक्य मला गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मुलांकडून ऐकावे लागते. वाक्य चुकीचे नाही. ते अपुरे आहे. गणित मेजर (मुख्य विषय) म्हणून घ्यायचे की मायनर (दुय्यम विषय) म्हणून, टक्के किती हवेत, शिकवायचे आहे ते कोणत्या इयत्तेला, बी.एड. कोठून करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. या सर्व अटी छापील स्वरूपात उपलब्ध असतात, परंतु त्या वाचण्याऐवजी शेजारच्या दादाला विचारण्याकडेच सर्वांचा कल असतो. हा दादा पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला असतो आणि तेवढ्या काळात नियम बदललेले असतात.

पदवी ठरवली, इयत्ता ठरवलीच नाही

शिक्षकाची पात्रता केवळ पदवीच्या नावावरून ठरत नाही. ज्या इयत्तेला शिकवायचे आहे, त्या इयत्तेवरून ती ठरते. पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे बारावीला किमान ५० टक्के गुण आणि दोन वर्षांचा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) अभ्यासक्रम लागतो. या इयत्तांसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले. तरीही "बी.एड. मोठे, म्हणजे खालच्या वर्गांना चालणारच" असे छातीठोकपणे सांगणारे लोक अजून भेटतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना याशिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे लागते. नववी-दहावीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण आणि बी.एड. हवे. हायर सेकंडरीत गणित शिकवायचे असेल तर गणितातच एम.एस्सी., त्यात किमान ५० टक्के, आणि शिवाय बी.एड. लागते. महाविद्यालयाची वाट पूर्णपणे निराळी आहे. तेथे एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य पातळीवरील) या प्राध्यापक पात्रता परीक्षेची गरज असते, आणि बी.एड. कोणी विचारत नाही. आपल्याकडची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

ही शिडी वरून खाली वाचायची असते, पण मुले ती खालून चढत जातात आणि मध्येच एक पायरी नाही हे त्यांना वर पोहोचल्यावर कळते. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद आडवा धरायला लावतो. उजव्या टोकाला कोणत्या इयत्तेला शिकवायचे ते लिहायचे, त्याच्या डावीकडे त्या पदाच्या जाहिरातीतील पात्रता, तिच्या डावीकडे बी.एड. प्रवेशाची अट, आणि असे मागे येत येत अगदी डावीकडे आजचा दिवस. हा कागद भरायला अर्धा तास लागतो, आणि तेवढाही धीर नसलेल्या विद्यार्थ्याला मी पुढचा सल्ला देत नाही.

ज्यांना बारावीतच शिक्षक होण्याची खात्री आहे, त्यांनी पदवी आणि बी.एड. एकत्र देणाऱ्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचाही विचार करावा. त्याचा प्रवेश बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरील एनसीईटी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतो, आणि तीन अधिक दोन अशा पाच वर्षांतील एक वर्ष वाचते. हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात गोवा येतो ती भोपाळला आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना ठाऊक असते. मात्र ज्याचे मन अजून डळमळीत आहे, त्याने एक वर्ष वाचवण्याच्या मोहाने तिकडे जाऊ नये.

"फक्त परीक्षेला या"

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. सत्तरी तालुक्यातील एक मुलगा गणितात चांगल्या गुणांनी बी.एस्सी. झाला आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. शिक्षक व्हायचे होते, पण हातचा पगार सोडवत नव्हता. अशा वेळी राज्याबाहेरील एका बी.एड. संस्थेचा दलाल त्याला भेटला. रोज यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावतो, पाठांच्या वह्या आम्ही तयार करून देतो, तुम्ही फक्त परीक्षेला या, असा सौदा ठरला. दोन वर्षांनी पदवीचे प्रमाणपत्र हातात पडले आणि घरी पेढे वाटले गेले.

पुढे एका अनुदानित विद्यालयात निवडीसाठी कागदपत्रांची तपासणी झाली. त्या संस्थेला त्या वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची (एनसीटीई) मान्यता होती का, आणि छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, कोणत्या शाळेत पूर्ण केला, असे दोनच प्रश्न विचारले गेले. मान्यता आधीच्या वर्षी काढून घेतली गेली होती, आणि शाळेचे नाव त्याला सांगता आले नाही, कारण तो कोणत्याही शाळेत गेलाच नव्हता. १९९३च्या एनसीटीई कायद्याच्या कलम १७नुसार, मान्यता काढून घेतल्यानंतर दिलेल्या प्रशिक्षणाची पदवी सरकारी नोकरीसाठी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. त्या मुलाने नंतर गोव्यातच पुन्हा दोन वर्षे बी.एड. केले आणि त्यासाठी ती वेर्ण्याची नोकरीही शेवटी सोडावीच लागली. दलालाचा दूरध्वनी तोवर बंद झाला होता.

मुळात असा सौदा नियमात बसूच शकत नाही, हे त्याला नियमाचे एक पान वाचूनही कळले असते. एनसीटीईच्या २०१४च्या नियमावलीप्रमाणे बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, वर्गातील कामाला किमान ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालाला किमान ९० टक्के हजेरी, आणि हा सेवाकाल एकूण २० आठवड्यांचा, असे बंधन घालण्यात आले. वेर्ण्याला पूर्ण वेळ नोकरी करून हे सांभाळणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. आपल्याकडे पणजीला आल्तिनोवर निर्मला इन्स्टिट्यूट आहे, फोंड्याला दादा वैद्य महाविद्यालय आहे. तरीही हद्द ओलांडून जायचेच असेल, तर प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेचा आदेश मिळवावा. मी तो आदेश छापून घेतो आणि संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, प्रवेशक्षमता व वर्ष या चार गोष्टींखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारतो. चारपैकी एकही रेघ मारता आली नाही, तर तेथे पैसे भरू देत नाही.

सिद्धता ऑप्शनला टाकणे

दुसरी मोठी चूक कागदपत्रांची नाही, पण तिचे मूळही त्याच उतावीळपणात आहे. प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीतून आलेल्या मुलांना गणित म्हणजे उत्तर काढण्याची युक्ती वाटते. पदवीच्या वर्गात रिअल ॲनालिसिसचा (सीमा, सांतत्य यांच्या काटेकोर सिद्धतांचा) पेपर समोर आला की ती गोंधळतात, दहा-बारा "इम्पॉर्टंट" सिद्धता पाठ करतात, उरलेल्या ऑप्शनला टाकतात आणि काठावर उत्तीर्ण होतात. पदवीची अट पूर्ण होते. शिकवण्याची अट पूर्ण होत नाही, आणि ते फार उशिरा उघड होते.

बार्देशमधील एका शाळेत मी एका प्रशिक्षणार्थीचा नववीचा पाठ पाहत होतो. विषय आवर्ती दशांश अपूर्णांकांचा होता. ०.९९९… ही संख्या क्ष मानली, १०क्ष म्हणजे ९.९९९… झाले, वजाबाकी करून ९क्ष = ९ आणि म्हणून क्ष = १, असे त्याने फळ्यावर सुबक अक्षरात लिहिले. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, दहाने गुणल्यावर एक नऊ दशांशचिन्हाच्या अलीकडे आला, मग शेवटी एक नऊ कमी झाला ना?" इतका चांगला प्रश्न वर्षातून एखादाच येतो. प्रशिक्षणार्थी म्हणाला, "अनंत आहेत, त्यामुळे कमी होत नाहीत. तसा नियमच आहे."

पाठ संपल्यावर मी त्याला कागदावर १ + २ + ४ + ८ + … अशी बेरीज लिहून दिली आणि तिला य म्हणायला सांगितले. दुप्पट केल्यावर २य म्हणजे २ + ४ + ८ + …, म्हणजेच य − १; यावरून य = −१. धन संख्यांची बेरीज ऋण आली. फळ्यावर केलेली युक्ती आणि ही युक्ती एकाच जातीची आहे, मग तेथे उत्तर बरोबर आणि येथे वेडगळ का, या प्रश्नावर तो गप्प राहिला. उत्तर त्याच्याच पदवीच्या अभ्यासक्रमात होते. ०.९, ०.९९, ०.९९९ या क्रमिकेचे १ पासूनचे अंतर एक दशांश, एक शतांश, एक सहस्रांश असे घटत जाते आणि कितीही लहान धन संख्या दिली तरी तिच्याहून कमी होते. म्हणून ती अभिसारी, म्हणजे एका ठराविक संख्येकडे जाणारी, आहे आणि ०.९९९… या चिन्हाचा अर्थच ती संख्या, म्हणजे तिची सीमा, असा आहे. दुसऱ्या बेरजेला सीमा नाही, त्यामुळे तिला य असे नाव देण्याचाच अधिकार आपल्याला नाही. त्या मुलीला एवढे सगळे सांगायची गरज नव्हती. "शेवटचा नऊ कोठे आहे ते दाखव, आणि नसेल तर मग या संख्येचा अर्थ काय ते मिळून ठरवू," एवढे म्हणता आले असते. पण सीमेची व्याख्या ज्याने ऑप्शनला टाकली, त्याच्याकडून हे वाक्य येत नाही.

यावर माझा एकच उपाय आहे आणि तो पद्धतशीर असल्याचा माझा दावा नाही. प्रत्येक प्रमेयासाठी स्वतंत्र वहीत एक पान ठेवावे, प्रमेयातील एकेक अट काढून टाकावी आणि ते कोठे मोडते याचे उदाहरण शोधावे. संतत फलन मर्यादित राहते या प्रमेयातून बंदिस्त अंतराल काढून टाकले की १/क्ष हे फलन ० आणि १ यांच्या मध्ये संतत असूनही वाटेल तेवढे वाढते. रोलच्या प्रमेयातून विकलनीयतेची अट काढली की क्षच्या निरपेक्ष मूल्याचे फलन −१ आणि १ या दोन्ही टोकांना सारखेच राहते, पण त्याचा विकलज मधे कोठेही शून्य होत नाही. सामान्य पद शून्याकडे गेले म्हणजे श्रेणी अभिसारी, असे वाटत असेल तर १ + १/२ + १/३ + … या श्रेणीचे पान आधी लिहावे. तयार उत्तरांच्या पुस्तिकेतून उदाहरण उतरवलेले मला लगेच ओळखू येते, आणि ते पान मी फाडायला लावतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट (श्रेयांक) लागतात आणि त्यांतील किमान ६० मेजरची असतात, तर मायनरची २४. गणित मायनर घेऊन आपण "गणिताचे पदवीधर" झालो असे समजू नये. जाहिरातीत विषयाची अट कशी लिहिली आहे ते आधी पाहावे.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. हे पाचव्या सेमिस्टरला आठवून उपयोग नाही.

विषयाच्या सांकेतिक क्रमांकात १००, २००, ३०० असे स्तर दिलेले असतात. वेळापत्रक सोयीचे म्हणून पायाचा पेपर मागे ठेवून वरचा आधी घेणारे मेट्रिक स्पेससारख्या वरच्या स्तराच्या पेपरात पहिल्याच आठवड्यात अडकतात.

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते खरे, पण त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नुसते घरी बसून ते मिळत नाही.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांना बी.एड.साठी ५० नव्हे, ५५ टक्के हवेत.

सीटीईटीच्या (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरात गणित आणि विज्ञान मिळून ६० गुण असतात, एकट्या गणिताचे नव्हेत. १५० पैकी ९० मिळवायचे असतील तर गणितवाल्याने आठवीपर्यंतचे विज्ञान उघडावेच. भाषांच्या यादीत मराठी आहे, तिचा फायदा घ्यावा.

सरकारी पदांच्या जाहिरातीत सहसा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात, आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे इष्ट असे लिहिलेले असते. मामलेदार कचेरीतील दाखल्याचे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये, आणि उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत गुणपत्रिकेसोबत त्याच फाइलमध्ये लावून ठेवावी, कारण दुसऱ्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेताना ती मागितली जाऊ शकते.