माथेरानचा इतिहास चालत कसा वाचावा

घोड्यावर बसून ‘बारा पॉइंट’ केले की माथेरानच्या दऱ्या दिसतात, इतिहास मात्र निसटतो. तो इथल्या वाटांमध्ये आहे: डोंगरावर कोण कुठून चढलं, ओझं कुणी वाहिलं आणि पाणी कुठून आलं. या वाटा एका दिवसात पायी पाहता येतात. फक्त इतिहास उलटा वाचायचा, म्हणजे आजच्या दारातून आत शिरून १८५० पर्यंत मागे जायचं.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला, आणि आठवड्याच्या मधला निवडा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, कड्यांवर धुकं बसतं आणि पॉइंटवरून समोरचं काहीच दिसत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, कारण बाजार सुटला की टपऱ्या विरळ होतात आणि आडवारी बंदही असतात. पांढरे बूट नकोत; इथली लाल माती धुतली तरी जात नाही. खाऊ पिशवीत लोंबकळत न ठेवता सॅकमध्ये बंद ठेवा. माकडांना प्लॅस्टिकचा आवाज पुरतो.

पहाटेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरा. नेरळला उतरणं हाही इतिहासाचाच भाग आहे. सुरुवातीचा रस्ता डोंगराच्या दक्षिणेकडून, चौक गावातून वर येत असे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली, मुंबईकराला नेरळ सोयीचं झालं आणि डोंगराचं तोंडच दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरलं. आज चौकची वाट फक्त गावकरी आणि ट्रेकर वापरतात.

नेरळहून छोट्या गाडीने जायचं असेल तर आधी वेळापत्रक पाहा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) हा टप्पा बंद असतो, इतर दिवसांतही फेऱ्या मोजक्या असतात. गाडी मिळेलच असं धरून दिवस आखला की इथेच दोन तास वाया जातात. शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाणं जास्त भरवशाचं. तिथे सगळी वाहनं थांबतात. पुढे मोटारी नाहीत, आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि क्षणभर वाहनांकडे बघा. घोडा आणि हातरिक्षा ही इथली जुनी साधनं. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. सव्वाशे-दीडशे वर्षं ‘थंड हवेचं ठिकाण’ नेमकं कुणाच्या खांद्यावर चाललं होतं, ते या नाक्यावर समजतं.

इथून बाजारापर्यंत रुळांच्या कडेची वाट धरा. अडीच-तीन किलोमीटर, साधारण पाऊण तास. रुळांमधून चालू नका, अमन लॉज ते माथेरान अशी छोट्या गाडीची शटल चालू असते. रूळ मात्र नीट बघा. त्यांच्यातलं अंतर जेमतेम दोन फूट आहे. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं, वडिलांनी सुमारे १६ लाख रुपये घातले आणि १९०७ मध्ये गाडी धावली. म्हणजे हा मार्ग सरकारी तिजोरीतून नव्हे, मुंबईच्या एका व्यापारी घराण्याच्या पैशातून झाला. वीसेक किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटर चढायचं तर सरासरी चढ साधारण २७ ला १, म्हणजे २७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा पडतो. सगळ्यात कठीण ठिकाणी तो २० ला १ आहे. बोगदे खोदत सरळ न जाता रूळ डोंगराला वेढे घालत का जातात, ते या आकड्यांवरून उलगडतं. बोगदा एकच, तोही चिमुकला, म्हणून त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. वळणं इतकी तीव्र की ओरेनस्टाइन अँड कॉप्पेल या जर्मन कंपनीच्या वाफेच्या इंजिनांमध्ये चाकांचे पुढचे-मागचे आस वळणावर बाजूला सरकतील अशी रचना होती. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग जागोजागी वाहून गेला आणि दोनेक वर्षं बंद राहिला.

बाजारात नाश्ता उरकून दक्षिणेकडे वळा. आता बंगले लागतात. ते वाचताना छपरापेक्षा जोत्याकडे आधी बघा: जोतं जांभ्याचं, म्हणजे याच डोंगरातलं. मग लांबलचक व्हरांडा, मग मागच्या बाजूची नोकरांची बिऱ्हाडं. फाटकावरचं नाव टिपून ठेवा. इंग्रजांच्या बरोबरीने पारशी आणि इतर मुंबईकर शेठांनीही इथे घरं बांधली, त्यामुळे फक्त ‘साहेबाचं गाव’ असं चित्र डोक्यात असेल तर ते इथेच पुसून टाका. बंगले खासगी आहेत. फाटकाच्या आत विचारल्याशिवाय जाऊ नका.

पुढे शार्लोट लेक. तलाव म्हणतात, पण तो ओढ्याला बांध घालून अडवलेला साठा आहे. पाऊस धो-धो पडला तरी जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि मे महिन्यात, म्हणजे ऐन गर्दीत, टंचाई येते. वस्ती वाढवायची तर बांध घालावाच लागला. शेजारीच पिसरनाथाचं देऊळ आहे, ते चुकवू नका. इंग्रजी नावांच्या शेजारी स्थानिक दैवत उभं आहे, हे इथे एका नजरेत दिसतं.

तिथून कडेकडेने वन ट्री हिलकडे जा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट मे १८५० मध्ये चौकला मुक्कामी असताना इथल्याच ओढ्याच्या वाटेने वर आले आणि रामबाग पॉइंटकडून उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परतले, आणि पुढे ‘द बाइक’ हा बंगला त्यांनी बांधला. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि गावाला सरकारी वजन मिळालं. ‘मॅलेट यांनी माथेरान शोधलं’ हे वाक्य मात्र जपून वापरा. वाट दाखवायला सोबत चौकचा माणूस होता, आणि डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते. ओढ्याच्या वाटेला ‘शिवाजीची शिडी’ म्हणतात, त्यावरून थेट शिवकाल गाठायची घाई नको. असं नाव म्हणजे पुरावा नव्हे. ही वाट वाटाड्याशिवाय उतरू नका, सुटे दगड आणि घसारा दोन्ही आहेत.

चौक पॉइंटवरून रामबाग, अलेक्झांडर करत पूर्वेकडून बाजारात परत या. थांबत चालल्यास हा फेरा पाच-सहा तासांचा होतो. चालताना नावांचे तीन ढीग करा: माणसांची (अलेक्झांडर, शार्लोट), ठिकाणांची किंवा आधीपासूनची (चौक, गारबट, रामबाग) आणि दिसण्या-ऐकण्यावरून पडलेली (एको, पॅनोरमा). पाट्यांवर एकाच नावाची दोन-तीन रूपं दिसतात, त्यामुळे नकाशाशी ताळा नावावरून नाही, दिशेवरून घाला.

पूर्वेच्या कड्यावरून सह्याद्रीची मुख्य रांग समोर असते. सिद्धगड त्याच रांगेत. माथेरानात १९१२ मध्ये जन्मलेले आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी तिथे इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पॉइंटांच्या यादीत हे नाव नसतं, म्हणून मुद्दाम विचारा. बाजारातली जुनी माणसं सांगतात.

अंधाराआधी दस्तुरीवर पोहोचायचं असेल तर बाजारातून पाचच्या आत निघा. संध्याकाळी शटलला रांग लागते आणि शेअर टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाहीत.