पॉवर सप्लाय चीं करतोय? फीडबॅक लूपचं कॉम्पेन्सेशन असं बसवा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅनेलमधला ५ व्होल्टचा सप्लाय चीं चीं करायला लागला म्हणून बोलावलं होतं, उघडून बघतोय तर आऊटपुटचा साधा इलेक्ट्रोलिटिक काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा महागडा पॉलिमर कॅपॅसिटर बसवलेला. घोळ तिथंच होता: आऊटपुट मोजून ते सावरत राहणारी साखळी, म्हणजे फीडबॅक लूप, त्यानं डळमळली होती, आणि तिला स्थिर ठेवायला जे रेझिस्टर-कॅपॅसिटर लावतात ते कॉम्पेन्सेशन. गणित करून बघा म्हणजे पटेल.

बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय) धरू, २४ चे ५ व्होल्ट, स्विचिंग १०० किलोहर्ट्झ, व्होल्टेज मोड (फक्त आऊटपुट व्होल्टेज बघून चालणारा), रॅम्प (स्विच कधी बंद करायचा ते ठरवणारी करवती लहर) १.५ व्होल्टचा, इंडक्टर ४७ मायक्रोहेन्री, कॅपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड.

सगळ्यात आधी कॅपॅसिटरचा ईएसआर (त्याच्या आतला सिरीज रेझिस्टन्स) एलसीआर मीटरवर स्वतः मोजा. ही पायरी लोक सोडतात, दुसऱ्या बोर्डावरच्या व्हॅल्यू उचलतात आणि मग आठवडाभर डोकं धरून बसतात. इथं ८० मिलिओहम धरू.

आता दोन फ्रिक्वेन्सी काढा. एल-सीचा, म्हणजे इंडक्टर-कॅपॅसिटर जोडीचा, रेझोनन्स येतो १.०७ किलोहर्ट्झ, त्याच्या पुढं फेज (आऊटपुट सिग्नल इनपुटच्या किती मागं-पुढं आहे ते) १८० डिग्रीकडं घसरत जाते, आणि झोपाळ्याला नेमका जातानाच धक्का बसावा तसं होतं, हेलकावे थांबायच्या ऐवजी वाढतात. ईएसआरचा झिरो (जिथनं पुढं फेज वर चढते ती फ्रिक्वेन्सी), म्हणजे १ भागिले (२ × π × ईएसआर × सी), येतो ४.२ किलोहर्ट्झला, तो ही घसरलेली फेज परत वर ओढतो.

क्रॉसओव्हर (जिथं लूपचा एकूण गेन १ पटीवर येतो ती फ्रिक्वेन्सी) स्विचिंगच्या दहाव्या हिश्श्यावर, १० किलोहर्ट्झला ठेवा, जास्त हाव नको. ईएसआर झिरो त्याच्या बराच खाली आला की टाइप २ कॉम्पेन्सेशन (साधं) पुरतं, नाहीतर टाइप ३ (फेज जास्त उचलणारं) लागतं.

१० किलोहर्ट्झला पॉवर स्टेजचा गेन साधारण ०.४७ उरतो (२४ भागिले १.५ म्हणजे १६, त्यातनं एल-सीची घसरण वजा ईएसआरचा आधार), म्हणजे एरर अँप्लिफायरनं (आऊटपुटमधली चूक वाढवून देणाऱ्या भागानं) २.१ पट भरून काढायचं. डिव्हायडरचा (आऊटपुट व्होल्टेज वाटून अँप्लिफायरला देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीचा) वरचा रेझिस्टर १० किलोओहम असेल तर फीडबॅकला २२ किलोओहम घ्या, त्याच्याशी सिरीजमध्ये १० नॅनोफॅरड, आणि या दोघांना पॅरलल १५० पिकोफॅरड. झिरो ७२० हर्ट्झच्या आसपास, पोल (जिथनं पुढं गेन आणि फेज परत घसरतात) ४८ किलोहर्ट्झला, कागदावर फेज मार्जिन (क्रॉसओव्हरला फेज १८० डिग्रीपासून किती लांब उरते ते) ५० डिग्री. अँप्लिफायर ऑप-अँप असेल तर खालचा रेझिस्टर या गणितात येत नाही, ट्रान्सकंडक्टन्सवाला (व्होल्टेज घेऊन करंट देणारा) असेल तर मात्र हिशोब वेगळा.

मग टेस्ट. लोड २५ वरनं ७५ टक्क्यांवर उडवा, प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावा, नाहीतर स्कोपवर भलतंच दिसतंय. व्होल्टेज एकदा बुडून सरळ वर आला तर छान, तीन-चार हेलकावे दिसले तर मार्जिन कमी. इनपुट जास्तीत जास्त ठेवूनही बघा, गेन तिथं सगळ्यात मोठा असतो. आणि बोर्ड थंड असतानाही, कारण इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर थंडीत वाढतो.

आता तो पॉलिमर. ईएसआर १० मिलिओहम धरला तरी झिरो थेट ३४ किलोहर्ट्झला जातो, क्रॉसओव्हर ६ च्या आसपास येतो आणि मार्जिन शून्यावर. सहा किलोहर्ट्झ कानाला ऐकू येतं. आम्ही जुन्या ईएसआरचा इलेक्ट्रोलिटिक परत लावला, आवाज गेला.