पत्रपेटीवरचं नाव

जर्मनीला एमएससाठी निघालेली सांगली-मिरजेची मुलं भेटली की विचारतात, "तिकडं सगळं सोपं असतं ना?" लाईट जात नाही, नळाला कधीही पाणी असतं, हे खरं आहे. पण कटकटी तिथंही आहेत, आणि त्या निस्तरायला तिथं दुसरं कुणी नसतं.

मी 2024च्या ऑक्टोबरात शनिवारी रात्री पोचलो. रविवारी तिथं किराणा दुकानं बंद. आईनं बॅगेत कोंबलेल्या भडंगावर तो दिवस काढला. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारीही चालू असतात, हे तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.

मला सगळ्यात महाग पडली ती पत्रपेटी. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद हवा. मग टॅक्सचा नंबर पोस्टानं येतो, बँकेचं कार्डही पोस्टानं, आणि पिन वेगळ्या पाकिटात. तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. पिन आल्या वाटेनं परत गेला. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांच्या खात्यातून, महिन्याला मिळणारे 992 युरो माझ्या बँक खात्यात आले होते, पण काढता येईनात. तीन आठवडे मित्राच्या उसन्या पैशांवर गेले.

त्या दिवसांत सांगलीच्या गावभागातले आमचे पोस्टमनकाका फार आठवायचे. पाकिटावर घर नंबर चुकलेला असला तरी "हे मास्तरांच्यातलं" म्हणून आणून द्यायचे. आमच्या दाराला कुलूप असलं तर शेजारच्या काकूंकडं ठेवायचे. पहाटे पाणी आलं की आई उठायची, सिलिंडरचा नंबर बाबा लावायचे. 2019च्या महापुरात गल्लीतल्या पोरांनी आमचा फ्रीज न सांगता वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. त्रास माझ्यापर्यंत यायच्या आधीच कुणीतरी उचलत होतं, आणि मी लाईट गेली की घर डोक्यावर घ्यायचो. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, निघण्याआधी महिनाभर घरचं पाणी, बिलं, गॅस, रांगा स्वतःकडं घ्या. पत्त्याच्या नोंदणीची वेळ बऱ्याच शहरांत ऑनलाइन घेता येते, ती इथूनच बघा, कारण ऑक्टोबरात गर्दी फार. आडनावाच्या छापील पट्ट्या सोबत न्या. खोलीची किल्ली हातात आली की पहिली पट्टी पेटीवर, दुसरी बेलवर.

मार्चमध्ये घरी आलो होतो. पहाटे नळाच्या आवाजानं जाग आली. आईला न उठवता पिंपात पाईप सोडला. पाण्याला जोर नव्हता, पाऊण तास लागला. आई उठून आली तेव्हा मी शेवटची कळशी भरत होतो. ती काही बोलली नाही, फक्त पिंपावर झाकण ठेवून चहाचं आधण ठेवायला गेली.