यिन चेन हाओ थांग: काविळीवरचा चिनी काढा करताना आणि घेताना

चिनी वैद्यकात काविळीवर आजही दिल्या जाणाऱ्या ‘यिन चेन हाओ थांग’ या काढ्याची कृती हान राजवटीच्या अखेरीस, इ. स. २००च्या सुमारास, चांग चुंग-चिंग या वैद्याने लिहून ठेवली. त्यात तीनच द्रव्ये आहेत: दवण्याच्या जातकुळीतील यिनचेन, अनंताची वाळलेली फळे आणि रेवाचिनी. आधुनिक पाठ्यपुस्तकांत त्यांचे प्रमाण सहसा १८, १२ आणि ६ ग्रॅम असे दिलेले असते. रुग्णासाठीची मात्रा मात्र वैद्यानेच ठरवावी.

हा काढा झळझळीत पिवळेपणा, तहान आणि मलावरोध असलेल्या काविळीसाठी आहे. पिवळेपणा निस्तेज असून रुग्णाला थंडी वाजत असेल, तर चिनी वैद्य दुसरी योजना करतात. पित्तनलिकेत खडा अडकला आहे की नाही, हे मात्र या लक्षणांवरून कळत नाही, म्हणून बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य), यकृतातील एन्झाइम्स, रक्त गोठण्याचा वेळ आणि सोनोग्राफी या तपासण्या आधी झालेल्या असाव्यात. रुग्णाला ग्लानी येत असेल किंवा तो असंबद्ध बोलू लागला असेल, तर काढ्याचा विचार सोडून त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

भांडे मातीचे किंवा काचेचे घ्यावे, लोखंडाचे किंवा तांब्याचे घेऊ नये. मूळ कृतीनुसार बारा मापे पाण्यात आधी एकटे यिनचेन उकळावे, सहा मापे पाणी आटल्यावर उरलेली दोन द्रव्ये घालावीत, आणि तीन मापे उरल्यावर काढा गाळून तीन वेळा विभागून द्यावा. रेवाचिनी जितकी कमी उकळेल तितकी ती अधिक रेचक ठरते, त्यामुळे हा क्रम बदलू नये.

लघवी गडद होऊन कावीळ तिच्यावाटे निघून जाते, असे मूळ ग्रंथ म्हणतो. पण गडद लघवी हे मुळात काविळीचेच लक्षण असल्याने त्यावर विसंबू नये, रक्ततपासणी पुन्हा करावी. गर्भवतींनी हा काढा घेऊ नये. कावीळ उतरल्यावर तो थांबवावा, कारण अनंताच्या फळांचे औषध वर्षानुवर्षे घेतलेल्या काही रुग्णांत आतड्याच्या शिरा कठीण झाल्याचे आढळले आहे.

इतर चिनी औषधांबाबतही अशीच सावधगिरी हवी. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या हुआंगलियान या वनस्पतीत आपल्या दारुहळदीप्रमाणेच बर्बेरिन हे द्रव्य असते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत ते घेतल्यास रक्तातील साखर फार उतरू शकते. केसांसाठी विकले जाणारे ‘हे शौ वू’ नावाचे चिनी औषध तर यकृतालाच इजा करू शकते, म्हणून यकृताच्या रुग्णाने ते टाळावे.