गळक्या नळापासून सुरुवात: प्राथमिक वर्गात प्रत्यक्ष कामातून शिकवण्याची एक रीत

प्राथमिक वर्गांना शिकवताना माझी एक अपेक्षा वर्षानुवर्षे कायम राहिली आहे. प्रत्येक मुलाच्या हातून सत्रातून एकदा तरी असे काम व्हावे, ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते आणि ज्या उत्तराची कोणाला तरी खरोखर गरज असते. कृतियुक्त अध्ययनाविषयी आपण शिक्षक पुष्कळ बोलतो, परंतु वर्गात ते बहुधा थर्माकोलच्या प्रतिकृतीपाशी येऊन थांबते आणि ती प्रतिकृतीही अनेकदा पालकांनी रात्री जागून केलेली असते. तिच्यात मुलाला काही ठरवावे लागत नाही, काही मोजावे लागत नाही आणि आपला अंदाज चुकला हे कळण्याची संधीही मिळत नाही. यापेक्षा वेगळे काम वर्गात कसे घ्यावे, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या एका उपक्रमाच्या आधारे येथे मांडत आहे.

सर्वांत आधी प्रश्न निवडावा आणि या निवडीवर घाई करू नये. प्रश्न शाळेच्या आवारातलाच असावा, त्याचे उत्तर मोजून काढता यावे, काम एका आठवड्यात संपावे आणि निघालेल्या उत्तरावर कोणीतरी काही कृती करू शकेल असे असावे. ‘पाणी वाचवा’ हा विषय चित्रे रंगवण्यासाठी ठीक आहे, परंतु त्यातून शोधण्यासारखे काही उरत नाही. ‘हात धुण्याच्या जागेवरच्या या गळक्या नळातून दिवसाला किती पाणी वाया जाते?’ हा मात्र कामाचा प्रश्न आहे. कोणत्या बाकावरून दुपारी फळा दिसत नाही आणि का, किंवा मधल्या सुट्टीत पाण्याच्या रांगेत सरासरी किती वेळ जातो, हेही असेच प्रश्न आहेत.

मुलांना नळाकडे नेण्यापूर्वी काही गोष्टी सरळ शिकवाव्या लागतात. प्रत्यक्ष कामातून शिकणे म्हणजे शिक्षकाने गप्प राहणे, असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे आणि मला तो घातक वाटतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या अभ्यासकांनी २००६ साली हाच मुद्दा मांडला होता: ज्यांना विषय नवा आहे अशा शिकणाऱ्यांना फारसे मार्गदर्शन न करता सोडून दिले, तर त्यांची सारी शक्ती चाचपडण्यातच खर्च होते. म्हणून मोजपात्र सपाट जागेवर ठेवायचे, डोळे पाण्याच्या पातळीसमोर आणायचे, पातळीचा मधला खालचा भाग वाचायचा आणि संख्येपुढे एकक लिहायचे, हे फळ्यावर आकृती काढून आणि प्रत्येकाकडून एकदा करून घेऊन आधीच पक्के करावे. शोधायला ठेवायचे ते उत्तर. साधन कसे वापरायचे हे शोधायला लावू नये.

यानंतरचा टप्पा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक वेळा तोच गाळला जातो. मोजण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज आपल्या नोंदवहीत पेनाने लिहावा, त्याखाली एका वाक्यात कारण द्यावे आणि तो नंतर खोडू नये. आमच्या वर्गात ‘एक पेला’पासून ‘दोन बादल्या’पर्यंत अंदाज आले होते. अंदाज लिहिलेले मूल मोजमापाकडे वेगळ्या नजरेने पाहते, कारण आता त्याचे स्वतःचे काहीतरी पणाला लागलेले असते. अंदाज न लिहिलेले मूल जे उत्तर येईल त्याला ‘मला माहीतच होते’ असे म्हणून मोकळे होते.

हे मी सुरुवातीच्या एका वर्षी करून घेतले नव्हते. तेव्हा मी छापील तक्ता वाटला होता, त्यात रकाने आखलेले होते आणि कोणत्या रकान्यात काय लिहायचे हेही सांगितलेले होते. सगळ्यांचे तक्ते सुबक भरून आले, परंतु दोन दिवसांनी ‘आपण दहाच मिनिटे का मोजले?’ असे विचारल्यावर वर्गात एकही हात वर झाला नाही. विचार करण्याचे सगळे काम मी घरीच उरकले होते आणि मुलांच्या वाट्याला फक्त रकाने भरणे ठेवले होते. त्या वर्षापासून तक्ता कसा आखायचा हे मुलेच ठरवतात. तो वेडावाकडा होतो, पण कोणता रकाना कशासाठी आहे हे त्यांना सांगता येते.

प्रत्यक्ष मोजण्यासाठी चौघांचा गट पुरेसा होतो. एकाने भांडे धरावे, एकाने घड्याळ पाहावे, एकाने पातळी वाचावी आणि एकाने नोंद करावी. दुसऱ्या फेरीत कामे बदलावीत, नाहीतर नीटनेटके अक्षर असलेले मूल वर्षभर केवळ लिहीतच राहते. जमिनीवर सांडलेले पाणी लगेच पुसण्याची जबाबदारीही आधीच वाटून द्यावी.

आमच्या तीन गटांनी एकामागून एक त्याच नळाखाली दहा मिनिटे भांडे ठेवले आणि ४२, ४५ व ५१ मिलिलिटर अशी तीन उत्तरे आली. अशा वेळी ‘बरोबर उत्तर कोणते?’ असे मुले विचारतात आणि ते सांगून टाकण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. मी तिन्ही गटांना आपण कसे मोजले ते करून दाखवायला सांगितले. पहिल्या गटाने घड्याळ आधी सुरू केले होते आणि भांडे नंतर ठेवले होते. तिसऱ्या गटातील मुलगा उभ्यानेच वरून वाचत होता, त्यामुळे त्याला पातळी प्रत्यक्षाहून वरच्या खुणेवर दिसत होती, तो गुडघ्यावर बसला आणि स्वतःच म्हणाला, “अरे, हे खाली आलं.” मोजमापात फरक का पडतो, हे इतके स्पष्ट करणारा पाठ मला एरवी कधी घेता आलेला नाही. यासाठी जवळपास पूर्ण तासिका गेली आणि ती जाऊ द्यावी.

दुसऱ्या फेरीत सर्वांची उत्तरे ४५ च्या आसपास आली, तेव्हा पुढचा हिशेब सुरू झाला. दहा मिनिटांत ४५, म्हणजे तासाला २७० मिलिलिटर. येथे एका मुलीने २७० ला सहाने गुणून १,६२० मिलिलिटर हे उत्तर लिहिले. मी कारण विचारले, तर ती शांतपणे म्हणाली, “शाळा सहाच तास असते ना, बाई.” गुणाकार अगदी बरोबर होता आणि तिच्या दृष्टीने कारणही बरोबर होते. तिच्या शेजारच्या मुलाने विचारले, “मग रात्री नळ झोपतो का?” वर्गात क्षणभर शांतता झाली आणि मग सगळ्यांनी पुन्हा वह्या उघडल्या. २७० गुणिले २४, म्हणजे ६,४८० मिलिलिटर, जवळजवळ साडेसहा लिटर. मुलाचे उत्तर चुकले की आधी त्याचे कारण ऐकावे, असे मी सर्व सहकाऱ्यांना कळकळीने सांगते, कारण त्या कारणातच त्याचा विचार कोठवर आला आहे ते दिसते.

निघालेले उत्तर वर्गातच राहू देऊ नये. मुलांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहावे, त्यात काय मोजले, कसे मोजले आणि काय निघाले एवढेच असावे. भाषेच्या तासिकेला पत्रलेखनाचा याहून चांगला विषय मिळणार नाही. आमचा नळ दुरुस्त होण्यास वेळ लागला, मुलांना पत्राची आठवण करून देणारे दुसरे पत्र लिहावे लागले आणि तेही मला शिक्षणाचाच भाग वाटते. दुरुस्तीनंतर त्यांनी स्वतःहून पुन्हा भांडे ठेवले आणि कोरडे दिसत असूनही पूर्ण दहा मिनिटे थांबून मगच शून्य लिहिले.

ज्या शाळेत असा नळ नाही, तेथे बियांचा प्रयोग घ्यावा, मात्र त्यातही अंदाज आधी लिहून घ्यावा. ओल्या कापसावर ठेवलेल्या घेवड्याच्या बिया एका डब्यात उजेडात आणि दुसऱ्यात पूर्ण अंधारात ठेवाव्यात; बाकी पाणी, कापूस आणि जागेची ऊब सारखी राखावी. अंधारात बी रुजणारच नाही असे बहुतेक मुले लिहितात. प्रत्यक्षात तेथेही कोंब येतो, उलट तो अधिक लांब, बारीक आणि पिवळट होतो.

मूल्यमापनासाठी अहवालाचे मुखपृष्ठ पाहू नये. प्रत्येक मुलाला एकट्याने दोन मिनिटे बोलते करावे आणि परिस्थिती थोडी बदलून विचारावे: २० मिनिटांत ३० मिलिलिटर पाणी गळत असेल, तर दिवसाला किती? एकाने पेल्याने आणि दुसऱ्याने वाटीने मोजले, तर उत्तरांची तुलना करता येईल का? गटात कोणी नुसते भांडे धरून उभे होते आणि कोणाला काम समजले, ते यातून लगेच कळते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या शाळेत मुले स्वयंपाक, विणकाम आणि सुतारकाम करत करत गणित व विज्ञानापर्यंत पोहोचत असत, आणि गांधीजींच्या पुढाकाराने १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीच्या केंद्रस्थानीही उत्पादक हस्तकामच होते. तरीही ड्युई यांनीच पुढे बजावून ठेवले की प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. नळाखाली भांडे धरणे हा नुसता अनुभव आहे. अंदाज, फरक आणि त्या फरकाचे कारण यांतून त्याचे शिकणे होते.

त्यासाठी शाळेकडून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आठवड्यातून एकदा दोन तासिका सलग मिळाव्यात, कारण ३५ मिनिटांत भांडी मांडून होईपर्यंतच घंटा वाजते. सत्र परीक्षेत एक तरी प्रश्न हाताने मोजून सोडवण्याचा असावा, म्हणजे पालकांनाही हे काम अभ्यासाबाहेरचे वाटणार नाही. आणि मुलांच्या नोंदवह्या वर्षअखेरीस रद्दीत न घालता पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्याव्यात, म्हणजे नवे वर्ष त्या मुलांच्या अनुत्तरित प्रश्नांपासून सुरू करता येईल. आमच्या वहीत शेवटच्या पानावर असा एक प्रश्न अजून तसाच आहे: शाळेत एकूण नळ किती आहेत आणि त्यांपैकी किती गळतात?