विंचूदंश: प्राझोसिन कधी, किती आणि कुठवर

कोकणातल्या लाल विंचवाचा रुग्ण आला की आधी त्याच्या तळपायाला हात लावा. दंशाच्या जागी नुसत्याच कळा असतील, हातपाय उबदार असतील, तर बोटाच्या मुळाशी लिग्नोकेनचा ब्लॉक (बधिर करणारे इंजेक्शन, अ‍ॅड्रिनलिन नसलेले) आणि पॅरासिटामॉल एवढे पुरते. मात्र घाम, उलट्या, लाळ, मुलग्यांमध्ये शिश्नाचा ताठरपणा आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर विष अंगभर पसरले आहे. अशा वेळी रुग्ण कळांची फारशी तक्रार करत नाही, आणि तिथेच फसगत होते.

विषामुळे मज्जातंतूंतल्या सोडियम वाहिन्या उघड्या राहतात आणि कॅटेकोलामाइन्सचा (अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा) लोंढा येतो. आधी बीपी चढते, मग हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचते. प्राझोसिन हे औषध रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा-१ रिसेप्टर अडवून हृदयावरचा हा भार उतरवते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते रुजवले.

डोस तोंडावाटे: प्रौढाला ५०० मायक्रोग्रॅम, मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण २५० मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी किंवा पाव. कपाटात फक्त ‘एक्सएल’ (सावकाश विरघळणाऱ्या) गोळ्या असतील तर त्या फोडून देऊ नका. औषध हळूहळू सुटावे म्हणूनच त्या बनवलेल्या असतात. साध्या गोळ्यांचा साठा पावसाळ्याआधीच करून ठेवावा. गोळी उलटून पडली तर पुन्हा द्या, गरज पडल्यास नाकातल्या नळीतून.

घाम-उलट्यांनी पाणी कमी झालेले असते, ते आधी ओआरएसने भरून काढा. पाणी भरून निघाल्यावरही बीपी कमी आहे एवढ्यासाठी प्राझोसिन थांबवू नका. रुग्णाला आडवेच ठेवा. पहिल्या डोसनंतर मूल कडेवर उभे धरले तर बीपी एकदम पडते. दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वासाचा वेग आणि फुफ्फुसाचा तळ तपासा. डोस दर तीन तासांनी, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत.

विंचवाचे प्रतिविष असेल तर सोबत द्याच. २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या महाडच्याच चाचणीत ७० रुग्ण होते. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविष व प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. प्रतिविष रक्तातले विष निष्प्रभ करते, आधीच सुटलेल्या कॅटेकोलामाइन्सना ते काही करत नाही. म्हणून ते लवकर हवे, आणि ते दिले म्हणून प्राझोसिन टाळायचे नाही. प्रतिविषाने ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी) झाली तर, म्हणून अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवा.

ॲट्रोपिन देऊ नका: घाम सुकतो, पण नाडी आणि बीपी आणखी चढते. बीटा-ब्लॉकरही नको. स्टेरॉइड आणि एव्हिल (अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन) सवयीने टोचले जाते, त्याचा इथे उपयोग नाही.

धाप, गुलाबी फेस, फुफ्फुसाच्या तळाशी करकर ऐकू आली तर मात्र आडवे न ठेवता बसते करा, ऑक्सिजन सुरू करा, आणि डोब्युटामिन (हृदयाला जोर देणारे औषध) व व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवा. चिठ्ठीवर प्राझोसिनच्या शेवटच्या डोसची वेळ लिहा.