आखूड केसांचा मोठा कुत्रा आणि आपली दमट हवा: आंघोळ कमी, कोरडं करणं जास्त

लॅब (लॅब्राडोर) किंवा रॉटी (रॉटवायलर) घेताना बऱ्याच लोकांचा हिशोब असा असतो की केस आखूड आहेत म्हणजे पार्लरचा खर्च वाचला, गुंता नाही, कटिंग नाही, महिन्यातून एकदा पाणी ओतलं की झालं. मग काही महिन्यांत काळ्या पँटवर केस, वरणात केस, एसीच्या फिल्टरवर केसांची गादी, आणि जुलै आला की सगळ्या घराला एक कुबट वास. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, खाडी शेजारी आहे, पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, फ्लॅटमध्ये ऊन मोजकंच येतं, त्यामुळे आपल्याकडे कोटपेक्षा, म्हणजे अंगावरच्या केसांपेक्षा, त्याच्या खालची कातडी जास्त सांभाळावी लागते आणि ती सांभाळायची म्हणजे मुख्यतः कोरडी ठेवायची. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आधी आपल्या कुत्र्याचा कोट कसला आहे ते बघून घ्या. पाठीवरचे केस बोटांनी उलटे फिरवा, खाली मऊ दाट लव दिसली तर डबल कोट, लॅब आणि रॉटवायलर यात येतात. ग्रेट डेन, डॉबरमॅन, बॉक्सर यांना ती लव जवळपास नसतेच, आपल्या मुधोळ आणि कारवानीलाही नसते, केस संपले की थेट कातडी. हे कशासाठी सांगतोय तर ब्रश, आंघोळ, सुकवणं सगळंच यावर ठरतं, आणि पेट शॉपवाला समोर येईल त्याला एकच महागडा ब्रश विकतो.

एप्रिल-मे मध्ये एक फॅशन येते, लॅबला उकडतंय म्हणून झीरो मशीन मारून आणायची. अजिबात नको. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही, घाम काय तो थोडासा पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो, त्यामुळे केस काढून त्याला गारवा मिळत नाही, उलट उन्हापासूनचं कव्हर जातं आणि डबल कोट परत येताना कधीकधी ठिगळं ठिगळं येतो. खरंच उकडत असेल तर खालची मेलेली लव ब्रशने काढा, हवा खेळायला लागली की पुष्कळ फरक पडतो.

ब्रशसाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे रबराचा खरारा, किंवा रबरी दाण्यांचा हातमोजा, दोन-तीनशे रुपयांत येतो. आधी गोल गोल फिरवायचा म्हणजे सुटलेले केस आणि कोंडा वर येतो, मग केसांच्या दिशेने लांब हात मारायचे, आणि शेवटी ओला करून घट्ट पिळलेला सुती पंचा सगळ्या अंगावरून एकदा फिरवायचा. डेन, डॉबरमॅन, बॉक्सरला एवढंच पुरतं, धातूचा ब्रश त्यांना लावूच नका, कातडीवर ओरखडे येतात. लॅब-रॉटीला केस जास्त गळायच्या दिवसांत लव काढायचा रेक हलक्या हाताने चालतो, पण ते ब्लेडवालं डीशेडिंगचं यंत्र रोज ओढलं तर वरचे चांगले केसही तुटतात आणि कोट निस्तेज दिसायला लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं बास. आणि बाल्कनीत ब्रश करत असाल तर वारा बघून करा, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर केस उडाले की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसकट तुमचा सत्कार होतो.

केस गळणं पूर्ण बंद होईल असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. केस गळण्याचं चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं, आणि घरात एसी आणि रात्री उशिरापर्यंत लाइट असला की ते सरळ वर्षभर थोडं थोडं चालू राहतं. आखूड केस सरळ आणि कडक असल्यामुळे कापडात सुईसारखे घुसतात, व्हॅक्यूमने पण निघत नाहीत, त्याला भांडी घासायचा रबरी हातमोजा थोडा ओला करून सोफ्यावरून एकाच दिशेला ओढा, गोळा होऊन येतात.

आता आंघोळ. चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे, चिखलात लोळून आला किंवा डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिलाय तर गोष्ट वेगळी. वास येतो म्हणून दर रविवारी आंघोळ घालणारे खूप आहेत, आणि त्यांच्याच कुत्र्याला जास्त वास येतो, कारण दर आठवड्याला कातडीवरचं तेल धुऊन काढायचं आणि मग लव अर्धी ओली ठेवायची म्हणजे यीस्टला (एक प्रकारच्या बुरशीला) आमंत्रणच. लॅबच्या अंगावर हे तेल मुळातच जास्त असतं, त्याच्यावरून पाणी ओघळून जातं ते त्यामुळेच.

आंघोळीच्या आधी ब्रश करायचाच, नाहीतर सगळे केस जाळीत अडकतात आणि मोरी तुंबते. बाथरूममध्ये रबराची मॅट टाका, मोठा कुत्रा टाइल्सवर एकदा घसरला की पुढच्या वेळी दारातूनच आत येत नाही, आणि चाळीस-पन्नास किलोचं जनावर ओढत नेणं आपल्याला झेपणारं नाही. कमोडजवळचा जेट स्प्रे आपल्या फ्लॅटमधलं सगळ्यात उपयोगी हत्यार, कातडीजवळ धरून केसांच्या उलट्या दिशेने मारला तरच लॅब आतपर्यंत भिजतो, मगने नुसतं वरवर पाणी घालून काही होत नाही. पाणी कोमट, गरम नको. शॅम्पू बाटलीतून थेट अंगावर ओतू नका, एका मगात पाणी घेऊन त्यात पातळ करा, सगळीकडे सारखा लागतो आणि धुऊनही लवकर जातो. पहिला फेस मानेभोवती करा, म्हणजे पिसवा असतील तर त्या पळून डोक्याकडे जात नाहीत, मग मागे मागे या, डोकं सगळ्यात शेवटी, कारण डोकं भिजलं की तो अंग झटकणार आणि तुमचीही आंघोळ होणार. तोंडाला शॅम्पूची गरजच नसते, ओला कपडा पुरतो.

आपला शॅम्पू कुत्र्याला नको, लहान बाळाचा पण नको. आपली कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळपास न्यूट्रल, म्हणून आपल्याला सौम्य वाटणारी गोष्ट त्याला कोरडं पाडते. बादलीत जंतुनाशकाचं झाकण टाकायची सवयही सोडा, त्याने आग होते आणि तो अंग चाटतो तेव्हा ते पोटात जातं. घोडबंदर रोडच्या बाजूला ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं त्यांना माहीत असेल, जड पाण्याला फेस येत नाही, मग माणूस अजून शॅम्पू ओततो, आणि तो निघता निघत नाही. शॅम्पू कमी घ्या, धुवायला वेळ जास्त द्या. पोटाखाली, मांड्यांच्या आत, पुढच्या पायांच्या बगलेत हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर अजून धुवायचंय. औषधी शॅम्पू असेल तर तो लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो, घड्याळ लावा, लगेच धुतला तर औषध गटारात गेलं.

यानंतर खरं काम. आधी त्याला मनसोक्त झटकू द्या, मग टॉवेल चोळायचा नाही, दाबत दाबत पाणी टिपायचं, एक टॉवेल पुरत नाही, जुने दोन-तीन ठेवा. मग पंखा आणि ब्लोअर, गार किंवा अगदी मंद गरम, एका जागी धरून न ठेवता. पाठ वरून कोरडी वाटली की लोक सोडून देतात, पण आतली लव तासन्‌तास ओली राहते, बोटं घालून कातडीला हात लावून बघा. बगल, जांघ, शेपटीखाली, कानामागे, बोटांच्या बेचक्या, मानेवर पट्ट्याखाली, या जागा मुद्दाम बघायच्या. पट्टा वेगळा वाळवायचा, ओला नायलॉनचा पट्टा परत घातला की तिथे केस जाऊन लाल चट्टा पडतो. बॉक्सरच्या तोंडावरच्या घड्या पण टिपून घ्या. लॅब थंड पाण्यात पोहल्यावर किंवा गार पाण्याच्या आंघोळीनंतर कधीकधी शेपटी एकदम लुळी लटकते, मोडल्यासारखी दिसते आणि घरातले घाबरतात, शेपटीच्या स्नायूंवर ताण येऊन होतं, बहुतेक वेळा काही दिवसांत उतरतं, पण दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आपलं माणसांचं पेनकिलर मात्र देऊ नका, कुत्र्याला ते विषासारखं पडू शकतं.

पावसाळ्यात फिरून आल्यावर दरवेळी आंघोळ नको. दारात एक टब आणि टॉवेल ठेवा, पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, बेचक्या कोरड्या करा, विषय संपला. रेनकोट घालत असाल तर घरात येताच काढा, आत वाफ धरते. साचलेल्या पाण्यातून मात्र नेऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो आणि तो माणसांनाही होतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, कार्डवर तारीख बघून घ्या. उन्हाळ्यात वेगळं प्रकरण, पाम बीच रोडच्या बाजूला दुपारी डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही झेपणार नाही.

येऊरच्या पायथ्याला, खारघरच्या टेकडीवर, किंवा साधं सोसायटीमागच्या गवतात फिरून आला की गोचिडी तपासायच्या. आखूड केसांचा हाच एक फायदा, बोटाला लगेच लागतात. कानाच्या आत आणि कडेला, बोटांच्या मध्ये, बगलेत, पट्ट्याखाली. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरायची आणि पिळ न देता सरळ ओढायची, नंतर रबिंग स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, नखाने चिरडायची नाही. रॉकेल, जळती काडी, असले उद्योग नकोत. आणि खोबरेल तेलात कापूर घालून चोळायचा घरगुती उपाय सगळ्यांच्या आज्या-मावश्या सांगतात, पण कापूर कुत्र्याला विषारी आहे, चाटला की झटके येऊ शकतात, टी ट्री तेलाचंही तेच.

गोचिडीची एक मादी काही हजार अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीच्या फटीत, स्विचबोर्डमागे, पलंगाच्या सांध्यात. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध देऊन भागत नाही, फटी साफ कराव्या लागतात आणि घर जास्तच भरलं असेल तर पेस्ट कंट्रोल, तेव्हा कुत्रा बाहेर. औषधात फ्लुरालेनरची खायची गोळी साधारण बारा आठवडे चालते, पण डोस वजनावर असतो, डेनचं वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर उभा करा, आणि त्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मानेवर सोडायचं फिप्रोनिल वापरत असाल तर आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, नाहीतर पैसे पाण्यात. ताप, जेवण बंद, हिरड्या पांढरट, लघवी गडद, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, टिक फीवर (गोचिडीमुळे होणारा ताप) थांबत नाही.

कान लॅबचे जास्त बघावे लागतात, लोंबतात आणि आत हवा जात नाही. आंघोळीआधी कापसाचा बोळा, नंतर काढायचा, आठवड्यातून एकदा इअर क्लीनर टाकून मुळाशी चोळून बाहेर दिसेल तेवढंच पुसायचं, इअरबड आत घालायचे नाहीत. तपकिरी मळ आणि आंबूस वास येत असेल तर घरी साफ करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

नखं टाइल्सवर टकटक वाजायला लागली की वाढलीत असं समजा. काळ्या नखात नस दिसत नाही, म्हणून अगदी थोडं थोडं कापायचं, कापलेल्या भागाच्या मध्ये काळा ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरा. वरच्या अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, ते झिजतच नाही, तेच सगळे विसरतात आणि ते गोल वळून मांसात घुसतं.

कोपरांचा त्रास मोठ्याच कुत्र्यांचा. डेन, रॉटी धप्पकन बसतात, खाली व्हिट्रिफाइड टाइल, मग कोपराचे केस जाऊन जाड काळा घट्टा पडतो, पुढे आत पाणी भरून मऊ गाठ होते. ती फोडायची किंवा सुई घालून काढायची नाही, परत भरते आणि पू होतो. जुन्या गोधड्या दुमडून जाड अंथरूण करा, तो जिथे स्वतःहून बसतो तिथेच टाका, तुमच्या सोयीच्या कोपऱ्यात नाही, भेगा पडल्या असतील तर रात्री थोडं साधं खोबरेल.

खाण्याचं एवढंच की कोट निस्तेज असेल तर डॉक्टरांना विचारून फिश ऑइल द्या, फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, चार दिवसांत बाटली बदलू नका. दोन्ही बाजूंना सारखे केस जात असतील, शेपटी उंदरासारखी उघडी पडत असेल आणि कुत्रा सुस्त झाला असेल तर शॅम्पू बदलून काही होणार नाही, थायरॉइड तपासा, डॉबरमॅनमध्ये हे बऱ्याचदा निघतं. गोल टक्कल पडून कोंडा येत असेल तर ते गजकर्ण असू शकतं आणि घरातल्या पोरांनाही लागतं, ते बरं होईपर्यंत त्याला बेडवर घेऊ नका.

पार्लर किंवा दारात येणारी व्हॅन बोलवायची असेल तर खुशाल बोलवा, डेनला दोन बीएचकेच्या बाथरूममध्ये वळायलाही जागा नसते. फक्त आधीच सांगा की मशीन लावायचं नाही, गरम हवेच्या पिंजऱ्यात बंद करायचं नाही, बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्याला तर कधीच नाही, आणि परत घेताना पैसे देण्याआधी बगलेत आणि बेचक्यांत बोट घालून बघा, ओला असेल तर अजून वाळवायला सांगा.